पंचेचाळीस पेन्सचा हिशेब

७ जुलै

१९८४ साली याच तारखेला वेल्समधल्या ॲबरडेअरला क्रास या ब्रिटिश अराजकवादी पंक बँडचा शेवटचा कार्यक्रम झाला, संपावरच्या खाणकामगारांच्या मदतीसाठी. क्रासचं नाव निघालं की काळे कपडे, कर्कश आवाज आणि शिव्या एवढ्यावरच बोलणं थांबतं, याचं मला वाईट वाटतं. या मंडळींचं राजकारण घोषणांपेक्षा हिशेबाच्या वहीत जास्त होतं. रेकॉर्ड कोण काढणार, कितीला विकणार, पैसा कुठे जाणार, हे प्रश्न त्यांनी गाण्यांइतक्याच जिद्दीने हाताळले.

बँड जमला १९७७ मध्ये, एसेक्समधल्या डायल हाउस नावाच्या जुन्या घरात. ड्रम वाजवणारा पेनी रिम्बो साठच्या दशकातल्या चळवळींतून आलेला, तर गाणारा स्टीव्ह इग्नोरंट विशीतला, कामगारवस्तीतला पोरगा. जी व्हाउचर चित्रं करायची. ती कात्रणं चिकटवल्यासारखी दिसतात, पण बरीचशी ब्रशने रंगवलेली आहेत.

पहिली रेकॉर्ड १९७८ ची, 'द फीडिंग ऑफ द फाइव्ह थाउजंड'. नाव बायबलमधलं, पण आकडा कारखान्याचा: कमीत कमी ५००० प्रती काढाव्या लागणार होत्या. आयर्लंडमधल्या कारखान्यातल्या कामगारांनी ख्रिस्तावर तुटून पडणारं पहिलंच गाणं काढायला नकार दिला. त्या जागी दोन मिनिटांची शांतता ठेवली आणि तिला नाव दिलं 'द साउंड ऑफ फ्री स्पीच'. नकार मालकाचा नव्हता, कामगारांचा होता, आणि अराजकवादी बँडला हे पचवणं सोपं नसणार. यातूनच स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढायचं ठरलं.

१९७९ मध्ये तेच वादग्रस्त गाणं 'रिॲलिटी असायलम' म्हणून स्वतंत्रपणे काढलं. तेव्हा सिंगल, म्हणजे एक-दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड, साधारण ९० पेन्सला मिळायची. यांनी कव्हरवरच छापलं, ४५ पेन्सपेक्षा जास्त देऊ नका. छापील किमतीमुळे दुकानदाराचे हात बांधले जातात आणि खरेदीदाराला भांडायला पुरावा मिळतो. पण हिशेबात व्हॅट धरायचा राहून गेला. त्याच वर्षी जूनमध्ये हा कर ८ वरून १५ टक्क्यांवर गेला होता. १५ टक्के आतच धरले, तर ४५ पेन्समधले जवळजवळ ६ पेन्स सरकारचे. उरलेल्या ३९ मध्ये दुकानदार, वितरक, कारखाना, छपाई आणि स्टुडिओ, सगळे बसवायचे. ते बसले नाहीत, आणि प्रत्येक विकलेल्या प्रतीमागे तोटा झाला. असं असताना रेकॉर्ड जितकी जास्त खपेल तितका खड्डा मोठा होतो. तरीही त्यांनी किंमत छापणं सोडलं नाही. पुढचा 'स्टेशन्स ऑफ द क्रास' हा दोन तबकड्यांचा संच पॉइझन गर्ल्स या मित्र-बँडकडून कर्ज घेऊन निघाला.

कव्हरांमागची अक्कल पाहण्यासारखी आहे. अनेक सिंगलांचं कव्हर म्हणजे सहा चौकटींत दुमडलेला एकच कागद. सात इंचांच्या चौकटी दोन गुणिले तीन मांडल्या की १४ बाय २१ इंचांचं पोस्टर होतं. गोंद नाही, वेगळी माहितीपत्रिका नाही. गाण्यांचे शब्द, लेख, चित्र सगळं त्याच कागदावर, बहुतेक काळ्या शाईत. तोटा एवढाच की वारंवार उघडलं की घडीवरची शाई उडते आणि कागद कोपऱ्यांपासून फाटतो.

लंडनच्या भुयारी रेल्वेतल्या जाहिरातींवर ते स्टेन्सिलने, म्हणजे अक्षरं कापलेल्या पुठ्ठ्यावरून रंग फवारून, युद्धविरोधी आणि स्त्रीवादी घोषणा रंगवायचे. हे तंत्र साधं दिसतं, पण बंद पोकळी असलेल्या अक्षरांना, म्हणजे रोमन ओ, ए, डी यांना, मधला तुकडा धरून ठेवणारे पूल कापावे लागतात, नाहीतर अक्षराचा नुसता ठिपका होतो. स्प्रेचा डबा फार जवळ धरला की रंग कडेखाली झिरपतो. वीतभर अंतरावरून दोन पातळ हात मारणं बरं. पुठ्ठा भिजून वाकला की टाकून द्यावा.

त्यांची सर्वांत धाडसी करामत म्हणजे १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिना फॉकलंड युद्धानंतर पसरवलेली बनावट टेप. ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचर आणि अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्या भाषणांतले तुकडे जोडून दोघांचं फोनवरचं संभाषण रचलं होतं. टेप कापण्याचं गणित असं: स्टुडिओची टेप सेकंदाला १५ इंच, म्हणजे ३८ सेंटिमीटर धावते, तेव्हा पाव सेकंदाचा शब्द साडेनऊ सेंटिमीटरचा पडतो आणि ब्लेडने तिरका छेद घ्यायला जागा मिळते. अडचण येते ती मागच्या खरखरीची: दोन भाषणांच्या सभागृहांचा आवाज जुळत नाही आणि सांधा ऐकू येतो. फोनचा आवाज साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच असल्याने तो फरक बराच झाकला जातो. अमेरिकी परराष्ट्र खात्याने संशय घेतला तो रशियन हेरखात्यावर. १९८४ च्या जानेवारीत एका ब्रिटिश वृत्तपत्राने माग काढला तो एसेक्सपर्यंत. बनावट पुराव्याने सत्य सांगता येतं का, हा प्रश्न मला अजूनही टोचतो. माझं उत्तर नाही असंच आहे, आणि क्रासवर प्रेम असूनही ते बदललेलं नाही.

रेकॉर्डच्या क्रमांकांतही ते उलटी मोजणी करत होते: १९७९ ला ५२१९८४, म्हणजे १९८४ ला पाच वर्षं बाकी, १९८० ला ४२१९८४, १९८१ ला ३२१९८४. म्हणून काहीजण सांगतात की शेवट आधीच ठरलेला होता. मला हे फार गुळगुळीत वाटतं. गिटारवाला एन. ए. पामर बाहेर पडला, 'पेनिस एन्व्ही' या त्यांच्या अल्बमवरच्या अश्लीलतेच्या खटल्याने पैसा आणि दम खाल्ला, आणि फॉकलंडनंतर शांततावादाला चिकटून राहावं की नाही यावर घरातच एकमत उरलं नव्हतं.