पांढरी एक

मी शाळेत समूहगीतं बसवतो आणि गणपतीत एका ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवतो. की-बोर्डला ट्रान्स्पोजचं बटण असतं. गायकाचा सा पहिल्या काळ्या पट्टीवर, म्हणजे काळी एकला असो नाहीतर काळी चारला, मी आकडा बदलतो, बोटं आपली पांढरी एकलाच सा धरून. वीस वर्षं हेच चाललं होतं. अर्थात, तेव्हा हे कुणाला सांगत नसे.

देवगडजवळच्या एका गावात नवरात्रात देवळासमोर संगीत नाटक होतं. नेहमीच्या ऑर्गनवाल्या काकांची कंबर धरली आणि त्यांनी माझं नाव सुचवलं. आमच्याकडे नाटकाला ऑर्गनची साथ करणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. ना त्यांची संघटना, ना ओळखपत्र. त्यांच्यात कोण बसणार हे तबलजी ठरवतो, असं एकाने मला आधीच बजावून ठेवलं.

हाताशी पंधरा दिवस होते. बटणावर काळी चिकटपट्टी लावली आणि मुख्य नटाची काळी एक घोटायला बसलो. काळी एक सा, काळी दोन रे, आणि गंधाराला एकदम पांढरी चार. बोट तिथे हमखास घसरायचं. पदांपेक्षा नाटकाची वही, म्हणजे संवाद, अवघड. पदाआधीच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द उरले की सूर हलकेच धरायचा. नटाला तो मिळाला पाहिजे, प्रेक्षकांना मात्र कुठून आला ते कळता कामा नये. एका शब्दाचा उशीर झाला की नट अंदाजाने उचलतो, आणि मग अख्खं पद त्याच्यामागे धावण्यात जातं.

तबल्याला सत्तरीचे काका होते. माझ्या खांद्यावरची बॅग बघून म्हणाले, "ती गाडीतच रवांदे."

ऑर्गन गावचाच, जुना, पायांनी मारायचा. हातपेटी हवा बाहेर ढकलते, हा आत ओढतो, म्हणून याचा सूर गोल येतो, बोचत नाही. १९४० साली आकाशवाणीने पेटीला बंदी घातली ती १९७१ पर्यंत. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही ही तक्रार खरी आहे, मी नाकारत नाही. पण पत्र्याच्या मंडपात, माइक खरखरत असताना, शेवटच्या रांगेतल्या आजीपर्यंत सूर पोचवायचा तर मला तरी हाच लागतो.

दुसरा अंक. परतीचा पाऊस पत्र्यावर कोसळत होता. लाकूड चार दिवस ओल पीत बसलेलं. नट एक संथ पद गात होता. मी निषाद दाबला, बोट उचललं, पट्टी उठलीच नाही. काळी एकचा निषाद म्हणजे पांढरी एक. जन्मभर जिला मी सा म्हणत आलो तीच फुगून शेजारणीला चिकटली आणि नटाच्या षड्जाला अर्ध्या सुराने खालून टोचत राहिली.

मी काय करावं? जोरात पाय मारले. घाबरलं की माझे पाय पळतात. सूर दुप्पट बोंबलू लागला.

"पाय थांबव रे मेल्या," काका म्हणाले. तोंडात पान, ठेका जागचा हलला नाही.

थांबवले. भात्यातली उरलीसुरली ओढ संपेपर्यंत सूर कण्हला आणि विझला. नट नुसत्या तबल्यावर गात होता. काकांनी डग्गा जरा भरून वाजवायला घेतला.

"आता नखान उचल तिका."

उचलली.

"परत तिच्याकडे बघू नको."

उरलेलं नाटक मधली पांढरी एक न दाबता वाजवलं. निषाद वरच्या सप्तकातला घेतला, जलद जागी सरळ गाळला. बोट सवयीने तिकडे निघायचं आणि चटका बसल्यासारखं मागे यायचं. शेवटचं पद नायिकेचं, काळी चारला. तिथे पांढरी एक म्हणजे शुद्ध गंधार. पण होती भैरवी, गंधार कोमल! भैरवी मला एरवीही आवडते, त्या रात्री तिच्या पाया पडावंसं वाटलं.

पहाटे मंडप रिकामा झाल्यावर काकांनी ऑर्गन उघडायला लावला. पट्टी काढून तिची कड पॉलिशपेपरने घासली, बसवली, दाबून पाहिली, पुन्हा काढली. बॅटरी मी धरली होती. मध्येच मी बटणाचं सगळं कबूल करून टाकलं.

"म्हायत आसा माका," ते मान वर न करता म्हणाले. "पांढरी एकवर तुझो हात घराक गेल्यासारखो जाता."

चार दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईंचा आवाज. "लांज्याहून बोलतेय. तबल्याच्या काकांनी नंबर दिला. मी काळी चारला गाते." थोडं थांबून, हसू दाबत, "आमच्या नाटकात शेवटी भैरवी नाहीये. चालेल ना?"