मागून बसलेला धक्का आणि विम्याचा हिशेब

उभ्या गाडीला मागून धक्का बसला तर चूक मागच्याची, असे आपण सगळेच धरून चालतो आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. मात्र चूक कोणाची हे एकदा ठरले तरी दुरुस्तीचे पैसे कोणाच्या खिशातून जाणार हे त्यावरून ठरत नाही. नाशिकला त्र्यंबक नाक्याजवळ लाल दिव्याला थांबले असताना माझ्या गाडीवर मागून एक मालवाहू टेम्पो येऊन आदळला, त्यानंतरचे काही आठवडे मी याच विषयात घालवले. कोणाला दुखापत झाली नाही. मागचा बंपर उजवीकडून आत गेला, त्याच बाजूचा मागचा दिवा फुटला, डिकीच्या पत्र्याला खोलगट पोचा आला आणि डिकी बंद करताना घासू लागली, एवढेच वरवर दिसणारे नुकसान होते.

टेम्पोचालक तरुण होता आणि टेम्पो त्याच्या स्वतःच्याच नावावर होता. "ताई, तुम्ही एकदम ब्रेक मारला," हे त्याचे पहिले वाक्य. अशा वेळी रस्त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो, पण वादाला लागणारा पुरावा मात्र तेवढ्या दोन-तीन मिनिटांतच हाती लागतो. गाड्या बाजूला घेण्यापूर्वी मी फोटो काढले. दोन्ही गाड्या एकाच चौकटीत, माझी पुढची चाके थांबारेषेच्या मागे, वर लाल दिवा, दोन्ही नंबरप्लेटा, आणि बंपरच्या डाव्या कोपऱ्यावरचा माझाच एक जुना ओरखडाही. हा शेवटचा फोटो पुढे विशेष उपयोगी पडला. टेम्पोचा क्रमांक वाहनांची माहिती देणाऱ्या सरकारी एम-परिवहन ॲपवर टाकला तेव्हा त्याचा विमा चालू असल्याचे दिसले. परवाना आणि विमापत्र यांचेही फोटो त्याने काढू दिले.

कायद्याची बाजू तशी स्पष्ट आहे. पुढचे वाहन अचानक मंदावले किंवा थांबले तरी टक्कर होणार नाही इतके अंतर मागच्या चालकाने राखले पाहिजे, हा नियम १९८९ च्या रस्ता नियमावलीत होता आणि तेच तत्त्व २०१७ च्या नव्या नियमावलीतही कायम आहे. मात्र त्याचा अर्थ मागचा चालक प्रत्येक वेळी शंभर टक्के दोषी असा होत नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोइमतूरच्या एका प्रकरणात, महामार्गावर कोणताही इशारा न देता अचानक गाडी थांबवणाऱ्या चालकावर निम्मी जबाबदारी टाकली आणि मागून आदळलेल्या दुचाकीस्वाराच्या वाट्याला २० टक्के ठेवली. म्हणजे "तुम्ही एकदम ब्रेक मारला" हा बचाव अगदीच पोकळ नसतो. महामार्गावर विनाकारण थांबणे आणि शहरात लाल दिव्याला थांबणे यांत फरक आहे, आणि माझ्या फोटोंतला लाल दिवा तो फरक दाखवत होता. फोटो पाहिल्यावर टेम्पोचालकानेही तो मुद्दा पुन्हा काढला नाही.

पोलीस ठाण्यात हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतले. दुखापत नाही, दोघेही समोर आहेत, तेव्हा गुन्हा दाखल करण्याचा आग्रह नसेल तर स्टेशन डायरीत नोंद करून देतो, असे ते म्हणाले. मी नोंद करून तिची प्रत घेतली. किरकोळ नुकसानीच्या दाव्यासाठी माझ्या विमा कंपनीला गुन्ह्याची प्रत लागत नव्हती, पण तारीख, ठिकाण आणि दोन्ही वाहनांचे क्रमांक असलेला एक सरकारी कागद हाती असावा, असे मला वाटले.

यानंतर सरळमार्गी माणसाच्या मनात येणारा विचार माझ्याही मनात आला. चूक त्याची आहे, त्याचा विमाही चालू आहे, तर पैसे त्याच्या विमा कंपनीने द्यावेत. त्रयस्थ पक्षाचा विमा प्रत्येक वाहनाला सक्तीचा असतो आणि त्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसानही येते. खासगी मोटारीच्या विमापत्रात त्याची मर्यादा साधारणपणे ₹७.५ लाख छापलेली असते. पण हा पैसा दूरध्वनी करून किंवा अर्ज भरून मिळत नाही. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावे लागते, तिथे दोष सिद्ध करावा लागतो, आणि त्याकरिता गुन्ह्याची नोंद, पंचनामा, वकील, तारखा हे सगळे ओघाने आलेच. वीस-तीस हजारांच्या बंपरसाठी तिथे जाण्याचा सल्ला मला कोणीही दिला नाही. टेम्पोच्या विमा कंपनीच्या प्रतिनिधीनेही सौम्य शब्दांत तेच सांगितले. यात त्याचा दोष नाही, व्यवस्थाच तशी आहे. त्यामुळे निरपराध गाडीवाला शेवटी स्वतःच्याच विम्याकडे, म्हणजे स्वनुकसानीच्या भागाकडे वळतो.

टेम्पोचालकाने हे माझ्या आधी ओळखले होते. "तुमच्या विम्यातून करून घ्या ताई, फाइल चार्जचे हजार रुपये मी देतो," असा त्याचा प्रस्ताव होता. रस्त्यावरच्या बहुतेक तडजोडी याच आकड्यावर होतात, आणि वरवर पाहता तो न्याय्यही वाटतो. फाइल चार्ज म्हणून ज्याला ओळखतात ती खरे तर सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक दाव्यात मालकाने स्वतः सोसायची ठरावीक रक्कम आहे. १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला ती ₹१,००० आणि त्यावरच्या मोटारीला ₹२,००० असते. पण दावा केल्यावर मालकाच्या खिशातून जाणाऱ्या रकमेत ही वजावट सगळ्यांत लहान असते.

सातपूरच्या गॅरेजमधून आलेला पहिला अंदाज करांसह ₹२३,४०० चा होता. नवा बंपर ₹४,२००, दिवा ₹३,६००, ब्रॅकेट आणि क्लिपा ₹७००, रिव्हर्स सेन्सर ₹१,९००, डिकीचे डेंटिंग ₹३,५००, रंगकाम ₹८,००० आणि जोडणीची मजुरी ₹१,५००. माझ्या विम्यात झीरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याची जोड, नव्हती, त्यामुळे प्रत्येक सुट्या भागावर घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याबद्दलची कपात, लागणार होता. प्लॅस्टिकच्या आणि रबराच्या भागांवर ५० टक्के, मग गाडी कितीही नवी असो. धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार. माझ्या गाडीला तीन वर्षे पूर्ण होऊन चौथे चालू होते, म्हणून २५ टक्के, आणि सेन्सरही याच दराने धरला गेला. रंगकामाच्या बिलातला चौथा हिस्सा साहित्याचा धरून त्याच्यावर ५० टक्के. मजुरीला आणि काचेला घसारा नाही. या दराने ₹५,७२५ घसारा आणि ₹१,००० वजावट, म्हणजे ₹६,७२५ माझे आणि उरलेले ₹१६,६७५ कंपनीचे.

इथवरचा हिशेब गॅरेजवालाही करून देतो. नो क्लेम बोनसचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. दावा न केलेल्या वर्षांनुसार स्वनुकसानीच्या हप्त्यावर २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के सवलत मिळते, आणि एक दावा केला की ती थेट शून्यावर येते. दोष कोणाचा हे तिथे कोणी विचारत नाही. मला चालू वर्षी ३५ टक्के सवलत होती, पुढच्या नूतनीकरणाला ४५ मिळाली असती. "एका वर्षाची सवलत जाते," असे लोक म्हणतात, पण ते अपुरे आहे. दावा न करता पुढच्या पाच वर्षांची सवलत ४५, ५०, ५०, ५०, ५० अशी असती, आणि दावा केल्यावर ती ०, २०, २५, ३५, ४५ अशी होणार होती. दोहोंतल्या फरकांची बेरीज १२० टक्के येते. सवलतीपूर्वीचा माझा स्वनुकसानीचा हप्ता सुमारे ₹११,००० होता. गाडीची किंमत घटेल तसा तो थोडा उतरेल हे सोडून दिले, तरी नुकसान ₹१३,२०० च्या घरात जाते, आणि त्यावरचा वस्तू व सेवा कर वेगळाच. म्हणजे ₹१६,६७५ मिळवण्यासाठी मी पुढच्या पाच वर्षांत जवळजवळ तेवढेच परत करणार होते.

हा कागद मी टेम्पोचालकापुढे ठेवला. तो दहावीपर्यंत शिकलेला होता, पण आकडे त्याने माझ्यापेक्षा लवकर पकडले. हजार रुपयांनी माझे काहीच भरून निघत नाही, हे त्याला पटले. पूर्ण ₹२३,४०० एकरकमी देणे मात्र त्याला शक्य नव्हते, आणि ते तो लपवतही नव्हता.

दरम्यान मी विमा कंपनीला अपघाताची माहिती दिली होती. दावा करायचा की नाही हे नंतर ठरवता येते, पण उशिरा कळवल्यास त्यावरूनच वाद निघतो. एक पैसाही न घेता दावा मागे घेतल्यास सवलत कायम राहील का, हे मी ईमेलने विचारून होकार लेखी मिळवला. असे प्रश्न फोनवर विचारण्यात अर्थ नाही, कारण फोनवर तीन जण तीन उत्तरे देतात.

₹५०,००० पर्यंतच्या मोटार दाव्याला नुकसान मोजणारा परवानाधारक सर्वेक्षक सक्तीचा नसतो. म्हणून कंपनीने मोबाइलवर व्हिडिओ काढून पाठवण्यास सुचवले. मी माणूसच पाठवण्याचा आग्रह धरला आणि बंपर त्याच्यासमोर उतरवण्यास गॅरेजला सांगितले. हा आग्रह कामी आला. बंपरच्या आतली स्टीलची पट्टी वाकलेली होती आणि डिकीखालचा मागचा पॅनल आत ढकलला गेला होता. डिकी घासण्याचे कारण तेच होते. बाहेरून केवळ पोचा काढून रंग मारला असता, तर पहिल्याच पावसात डिकीत पाणी आले असते. पट्टी ₹२,४००, पॅनल ₹६,५०० आणि पत्रा ओढून सरळ करण्याची, वेल्डिंगची व जादा रंगरोगणाची मजुरी ₹६,६०० असा ₹१५,५०० चा पूरक अंदाज आला, आणि एकूण रक्कम ₹३८,९०० झाली.

कंपनीचा पाहणी करणारा माणूस कामात चोख, पण हात आखडता घेणारा होता. बंपर बदलण्याऐवजी प्लॅस्टिक वेल्डिंग करून चालेल, असे त्याचे पहिले मत होते. क्लिपा बसण्याची जागाच तुटलेली दाखवल्यावर त्याने नव्या बंपरला मान्यता दिली. डावीकडचा ओरखडा जुना असल्याचे त्याने टिपले, आणि मीही माझ्या फोटोतून ते स्वतःहून दाखवले. त्यानंतर उजवीकडच्या कोणत्याही बाबीवर त्याने शंका घेतली नाही. गॅरेजच्या व्यवस्थापकाने मात्र हळूच सुचवले होते की पुढच्या दरवाजाचे जुने पोचेही याच फाइलमध्ये बसवून टाकू. मी नको म्हटले. मागून बसलेल्या धक्क्याने पुढच्या दरवाजाला पोचा येत नाही, हे कोणालाही कळते, आणि एका खोट्या नोंदीने खऱ्या नोंदींचेही मोल जाते.

रक्कम वाढल्यामुळे हिशेब फिरला. घसारा ₹७,९५०, वजावट ₹१,०००, माझा वाटा ₹८,९५० आणि कंपनीचा ₹२९,९५०. सवलतीचे पाच वर्षांचे नुकसान वजा केले तरी आता दावा करण्यात अर्थ होता. टेम्पोचालकाशी पुन्हा बोलणे झाले. विम्यातून न मिळणारे ₹८,९५० आणि पुढच्या वर्षीच्या गमावलेल्या सवलतीचा काही भाग मिळून ₹१२,००० त्याने द्यावेत, असे ठरले, आणि त्याने ते दोन हप्त्यांत यूपीआयने दिले. उरलेले सुमारे दहा हजारांचे नुकसान, चूक नसताना, माझेच राहिले.

पावती लिहिताना एक काळजी घेतली. "संपूर्ण व अंतिम नुकसानभरपाई मिळाली, कोणतीही तक्रार उरली नाही," असा साचेबद्ध मजकूर कोणीही पटकन लिहून देतो. पण कंपनीने दाव्याचे पैसे दिल्यानंतर दोषी पक्षाकडून वसुलीचा हक्क विमा कंपनीकडे जातो, आणि मी तो हक्क परस्पर सोडून दिला असे दिसले, तर माझाच दावा अडू शकतो. म्हणून पावतीत "विम्यातून न मिळणाऱ्या रकमेपोटी" एवढेच शब्द घातले. लहान दाव्यात कंपनी वसुलीच्या मागे सहसा लागत नाही हे मला ठाऊक होते, पण तो निर्णय तिने घ्यायचा होता.

मंजुरी येण्यास थोडा विलंब झाला. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार पाहणी अहवाल १५ दिवसांत आणि त्यानंतरचा निर्णय ७ दिवसांत व्हायला हवा, याची आठवण कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने करून दिली, तेव्हा कागद हलले. विम्याच्या तक्रारींसाठीच्या बीमा भरोसा संकेतस्थळावर किंवा पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाण्याची वेळ आली नाही. लोकपालांकडे जाण्यापूर्वी कंपनीकडे लेखी तक्रार करून ३० दिवस वाट पाहावी लागते, हे मात्र तेव्हाच वाचून ठेवले.

गाडी ताब्यात घेताना मी ती भर उन्हात उभी करायला लावली, कारण गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली कोणताही रंग जुळलेलाच दिसतो. डिकीचा रंग शेजारच्या पत्र्यापेक्षा किंचित गडद होता, तो पुन्हा करून घेतला. नळीने पाणी मारून डिकीची रबरी पट्टी तपासली, चारही सेन्सर वाजवून पाहिले, आणि त्यानंतरच समाधानपत्रावर सही केली. नूतनीकरणाची सूचना आली तेव्हा सवलतीच्या रकान्यात अपेक्षेप्रमाणे शून्य होते. या वेळी मी झीरो डेप घेतले. बोनस संरक्षणाची, म्हणजे दावा केला तरी सवलत टिकवणारी, जोडही विचारली, पण तिचे जादा पैसे शून्य टक्क्यांच्या रक्षणासाठी भरण्यात अर्थ नव्हता, म्हणून ती सवलत पुन्हा ३५ टक्क्यांवर पोहोचेपर्यंत पुढे ढकलली आहे.