हेनोकोचं गेट: ओकिनावातलं धरणं-आंदोलन बघायला जाणाऱ्यांसाठी

ओकिनावाला जाणारे बहुतेक जण शुरीचा किल्ला आणि चुराउमीचं मत्स्यालय बघतात, समुद्रात डुंबतात आणि परततात. बेटावर अमेरिकी सैन्य आहे हे ऐकून माहीत असतं, इतकंच. पण नाहाहून उत्तरेकडे बस निघाली की थोड्याच वेळात तारेचं कुंपण सोबतीला येतं आणि गावं मागे पडत गेली तरी पुन्हा पुन्हा भेटत राहतं. जपानच्या भूभागात ओकिनावाचा वाटा जेमतेम ०.६ टक्के, आणि देशात निव्वळ अमेरिकी सैन्यासाठी राखलेल्या जमिनीपैकी सुमारे ७० टक्के जमीन या बेटांवर. हेनोको गावात नव्या अमेरिकी धावपट्टीच्या विरोधात या कुंपणासमोर वर्षानुवर्षं बसून राहिलेली माणसं मला बघायची होती.

थेट हेनोको गाठू नका. आधी गिनोवानला जा, नाहीतर भांडण कशाचं आहे तेच कळत नाही. तिथल्या काकाझु टेकडीवर पृथ्वीच्या गोलासारखा एक मनोरा आहे. वर चढलं की फुतेनमा या अमेरिकी मरीन दलाच्या हवाई तळाची धावपट्टी समोर आणि तिच्या चारी बाजूंना घरं, शाळा, दवाखाने. ऑस्प्रे विमानं ओळीने उभी दिसतात. एखादं उडालं तर बोलणं थांबवावंच लागतं. एप्रिल १९४५ मध्ये याच टेकडीसाठी घनघोर लढाई झाली होती. १३ ऑगस्ट २००४ रोजी या तळाचं एक हेलिकॉप्टर शेजारच्या ओकिनावा आंतरराष्ट्रीय विद्यापीठाच्या इमारतीवर कोसळलं. तिथलं जळालेलं झाड अजून जपून ठेवलंय. त्याच परिसरात साकिमा कलासंग्रहालय आहे, तळाकडून परत मिळालेल्या जमिनीवर १९९४ साली उभारलेलं. मारुकी दांपत्याने रंगवलेलं ओकिनावाच्या लढाईचं भिंतभर चित्र तिथे आहे. गच्चीचा जिना आधी ६ आणि मग २३ पायऱ्यांचा, कारण २३ जून हा इथे युद्धातल्या मृतांच्या स्मरणाचा दिवस. गच्चीवरून थेट तळ दिसतो. माझ्या मते नाहातली एखादी खरेदी रद्द करून इथे दोन तास द्यावेत. सुट्टीचा वार आधी बघून घ्या.

सप्टेंबर १९९५ मध्ये तीन अमेरिकी सैनिकांनी एका बारा वर्षांच्या मुलीवर बलात्कार केला. पुढच्याच महिन्यात गिनोवानला सुमारे ८५ हजार लोक जमले. त्या रेट्यामुळे १९९६ मध्ये फुतेनमा परत करायचं ठरलं, पण बदल्यात बेटावरच दुसरी जागा हवी ही अट घालून. ती जागा म्हणजे उत्तरेकडचं हेनोको. तिथे कॅम्प श्वाब हा मरीन दलाचा तळ आधीपासून आहे. त्याला लागून समुद्रात भराव घालून धावपट्टी बांधायची. म्हणजे घरातलं ओझं उचलून त्याच घराच्या दुसऱ्या खोलीत ठेवायचं. २४ फेब्रुवारी २०१९ च्या जनमतचाचणीत सुमारे ७२ टक्के मतं भरावाच्या विरोधात पडली. काम थांबलं नाही.

नाहा बस टर्मिनलवरून ७७ नंबरची बस हेनोकोमार्गे नागोला जाते. दोन तासांहून जास्त लागतात, गाड्या मोजक्या आहेत, म्हणून परतीची वेळ उतरतानाच टिपून घ्या. चढताना नंबराची चिठ्ठी घ्यायची, उतरताना समोरच्या फलकावर त्या नंबरापुढे दिसेल ते भाडं पेटीत टाकायचं. सुटे पैसे ठेवा किंवा ओकिका कार्ड काढा. भाड्याने मोटार घेतलीत तर गेटजवळ रस्त्याच्या कडेला ती उभी करू नका. आंदोलकांना त्याचा त्रास होतो आणि पोलिसांना निमित्त मिळतं.

गेटसमोरचं धरणं जुलै २०१४ पासून चालू आहे. मासेमारी बंदराजवळचा तंबू त्याहून जुना, एप्रिल २००४ चा. गेटचा तंबू ३२९ नंबरच्या हमरस्त्याच्या पलीकडे: लोखंडी पाइप, निळी ताडपत्री, घडीच्या खुर्च्या आणि आज कितवा दिवस ते सांगणारा फलक. बसलेल्यांत सत्तरी-ऐंशीच्या बायका-पुरुषांचा भरणा. मोठं काही घडेल या अपेक्षेने जाल तर कंटाळाल. बराच वेळ लोक नुसते बसलेले असतात, कुणी सानशिन हे तीन तारांचं वाद्य वाजवतं, कुणी काल काय झालं ते माइकवर सांगतं.

मग ट्रक येतात, साधारणपणे दिवसातून तीनदा: सकाळी, दुपारी आणि तिसऱ्या प्रहरी. मंडळी उठून गेटच्या तोंडाशी जाऊन बसतात. पोलीस भोंग्यावरून इशारा देतात, कुणी हलत नाही, आणि दंगल पथकाची पोरं एकेकाला हातापायांना धरून उचलायला लागतात. माझ्या समोर एका आजींना चौघांनी उचललं. त्यांची गवती टोपी खाली पडली. त्यातल्याच एका पोलिसाने ती वाकून उचलली, झटकली आणि आजींना कडेला ठेवल्यावर त्यांच्या मांडीवर दिली. आजी त्याला नातवाला दटावावं तसं काहीतरी बोलल्या. तो मान खाली घालून पुढच्या माणसाकडे वळला. रस्ता मोकळा झाला, ट्रक आत गेले, रिकामे होऊन बाहेर आले, आणि सगळे पुन्हा आपापल्या खुर्च्यांवर.

याने काय होतं, असं वाटणारच. तंबूत एक काका वही घेऊन बसले होते: किती ट्रक, किती वाजता, किती उशीर. त्यांचा हिशोब सरळ होता. भराव सुरू झाला डिसेंबर २०१८ मध्ये. पण ओऊरा खाडीच्या बाजूचा तळ इतका मऊ निघाला की समुद्रसपाटीखाली ९० मीटरपर्यंत चिखल आहे आणि तो घट्ट करायला सुमारे ७१ हजार खांब ठोकावे लागणार आहेत. सरकारच्याच अंदाजाने खर्च ९३० अब्ज येन. प्रांताने परवानगी नाकारली, तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्र्यानेच प्रांताच्या वतीने ती देऊन टाकली, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्या बाजूचंही काम सुरू झालं. इतक्या लांबणाऱ्या कामात अर्ध्या तासाचा उशीरही वहीत लिहिण्याजोगा असतो. मला मुळशीचा १९२१ चा सत्याग्रह आठवला. तिथेही माणसं बांधकामाच्या जागेवरच जाऊन बसली होती.

आता परदेशी पाहुण्यांसाठी महत्त्वाचं. गेटसमोर डांबरावर एक पिवळी रेघ आहे. तिच्यापलीकडे तळाची हद्द, आणि पाऊल टाकलंत तर अटक होऊ शकते. जपान्यांनाही झाली आहे. पासपोर्ट कायम जवळ ठेवा, परदेशी माणसाला ते बंधनकारक आहे. ड्रोन घरीच ठेवा, तळांवर ते उडवायला कायद्याने मनाई आहे. फोटो रस्त्यावरून काढता येतात, पण माणसांचे काढताना आधी विचारा. आणि धरण्यात बसायचं की नाही? मी बसलो नाही. मॅक्लीन या अमेरिकी शिक्षकाच्या खटल्यात जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली म्हटलं की परदेशी माणसालाही राजकीय मत मांडायचं स्वातंत्र्य आहे, पण व्हिसा वाढवताना सरकार त्याची नोंद घेऊ शकतं. तंबूत बसा, ऐका, प्रश्न विचारा. कुणीही तुम्हाला गेटवर ओढत नाही. रविवारी काम बंद असतं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी मोठा मेळावा भरतो. गर्दी बघायची तर शनिवार, ट्रक बघायचे तर मधला वार.

पश्चिम किनाऱ्यावर आवा इथल्या धक्क्यावरून भरावाचा मुरूम बोटींत चढतो. तिथे लोक ट्रकसमोरून मुद्दाम सावकाश रस्ता ओलांडतात. जून २०२४ मध्ये तिथे ट्रकखाली येऊन एक सुरक्षारक्षक गेला आणि एक आंदोलक बाई जखमी झाल्या. लांबूनच बघा.

दुपारी हेनोको गावातही चक्कर मारा. बरेच जण हे करत नाहीत आणि अर्धीच गोष्ट घेऊन परततात. तिथे ॲपल टाउन नावाचा भाग आहे, आराखड्यात मदत करणाऱ्या मेजर ॲपलच्या नावाचा. व्हिएतनाम युद्धाच्या काळात इथले बार गजबजलेले असायचे. आता रंग उडालेल्या इंग्रजी पाट्या आणि बंद दारं. गावच्या दहा वाड्यांनंतरची अकरावी वाडी म्हणून कॅम्प श्वाबला मोजतात, आणि रस्सीखेचीच्या उत्सवात मरीन सैनिकही दोर ओढतात. एका दुकानदार बाईंना तंबूबद्दल विचारलं तर त्या म्हणाल्या, “ते संध्याकाळी घरी जातात, आम्ही इथेच राहतो.” तळाच्या जमिनीचं भाडं कित्येक घरांत येतं. त्यामुळे पाहुण्याने गावात शिरून निषेधाचं भाषण देऊ नये.

समुद्र बघायचा तर खाडीच्या समोरच्या सेदाके किनाऱ्यावर जा. नारिंगी तरंगत्या दोरखंडाचं कुंपण आणि बांधकामाच्या बोटी तिथून स्वच्छ दिसतात. निळ्या प्रवाळाची मोठी वसाहत याच खाडीत आहे.

खाण्याचं: गेटजवळ काही मिळत नाही. शाकाहारी असाल तर आणखी पंचाईत, कारण सोबा या इथल्या नूडल्सच्या रश्श्यातही डुक्कर आणि मासा असतो. नागोतून केळी आणि उमे हे खारवलेलं आंबट फळ घातलेल्या भाताचे गोळे बांधून घ्या. मे-जूनमध्ये पावसाळा, पुढे ऑक्टोबरपर्यंत वादळं; नोव्हेंबर ते मार्च बरा.

दक्षिणेला माबुनीला न जाता परतू नका. तिथल्या शिळांवर युद्धातल्या २ लाख ४० हजारांहून अधिक मृतांची नावं कोरली आहेत, जपानी, कोरियन, अमेरिकी, सगळ्यांची. भरावासाठी याच दक्षिण भागातली मातीही वापरायचा बेत पुढे आला, जिथे आजही हाडं सापडतात. ती हाडं गोळा करणारे गुशिकेन ताकामात्सु यांनी २०२१ मध्ये त्याविरुद्ध उपोषण केलं होतं.

इशिगाकी, मियाको, योनागुनी या दूरच्या बेटांवर २०१६ पासून जपानी सैन्याच्याच नव्या छावण्या झाल्या आहेत, आणि जपान-अमेरिकेचे संयुक्त सरावही या बेटांपर्यंत पोचले आहेत. इशिगाकीत जनमतचाचणीसाठी एक तृतीयांशाहून जास्त मतदारांनी सह्या केल्या होत्या. नगरसभेने ती फेटाळली. तिकडे विमानानेच जावं लागतं, वेगळी सवड काढा.

त्यापेक्षा एक दिवस हाताशी असेल तर ईए बेट गाठा, मोतोबु बंदरातून फेरीने अर्ध्या तासावर. १९५५ मध्ये इथल्या शेतकऱ्यांची घरं बुलडोझरने पाडून जमिनी घेतल्या गेल्या. त्यांचे पुढारी आहागोन शोको यांनी स्थापलेलं नुचि दु ताकारा नो ईए हे छोटं संग्रहालय तिथे आहे. या शेतकऱ्यांनी अमेरिकनांशी बोलताना पाळायचे नियम लिहून काढले होते: बसूनच बोलायचं, हातात काही धरायचं नाही, हात कानाच्या वर उचलायचा नाही. संग्रहालयात जाण्याआधी फोन करा. परतीची शेवटची फेरी अंधार पडायच्या बरीच आधी सुटते आणि ऋतूप्रमाणे वेळ बदलते, ती जातानाच बंदरावर विचारून ठेवा.