तुम्ही विचारलंत म्हणून: जुलाबाची ती गोळी मी का लिहून देत नाही

"मॅडम, एवढी साधी गोळी, ती का नाही देत तुम्ही?" हा प्रश्न मला श्वानपथकातले हॅन्डलर विचारतात, सुरक्षेच्या कामासाठी कुत्री ठेवणारे विचारतात, सीताबर्डीतला औषध दुकानदार विचारतो. हल्ली माझ्याच व्यवसायातले मित्रही विचारू लागलेत. गोळी म्हणजे मेट्रोनिडाझोल, एक अँटिबायोटिक. कामाच्या कुत्र्याला लूज मोशन लागले की सगळ्यांना पहिली तीच आठवते. टेबलावर कुत्रं उभं असताना मी दोन वाक्यांत उत्तर देते. त्यानं समोरच्याचं समाधान होत नाही आणि माझंही होत नाही. म्हणून एकदाचं लिहून काढते.

मी अँटिबायोटिकच्या विरोधात आहे, असा माझ्या बोलण्याचा अर्थ लावला जातो. तसं अजिबात नाही. ताप आहे, कुत्रं गळून पडलंय, पांढऱ्या पेशी कोसळल्यात, जंतू रक्तात उतरल्याची लक्षणं आहेत, तर मी तासभरही थांबत नाही. मे महिन्यात दुपारच्या ड्युटीनंतर उष्माघात होऊन आलेल्या कुत्र्याची गोष्टही वेगळी असते. अंग थंड करण्याच्या धडपडीत आतड्याचा रक्तपुरवठा घटतो, अस्तर सोलवटतं आणि आतले जंतू व त्यांचं विष रक्तात झिरपतं. तिथे मी वाद घालत बसत नाही.

पण माझ्याकडे येणारी बहुतेक कामाची कुत्री अशी नसतात. ती जेवतात, शेपूट हलवतात, फक्त दर थोड्या वेळानं बसतात, कुंथतात, थोडंसंच करतात. आव पडते. हा मोठ्या आतड्याचा त्रास, आणि त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा ताण असतो. डिसेंबरात इथे नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की बाहेरच्या जिल्ह्यांतून पथकं येतात. पाणी बदलतं, जागा बदलते, जेवणाच्या वेळांचा पत्ता नसतो. विधानभवन, रवी भवन, आमदार निवास अशा तपासण्या पहाटेपासून सुरू. माणसाचं पोट बिघडतं तिथे कुत्र्याचं का बिघडू नये?

आता गोळी काय करते ते बघा. कुत्र्याच्या आतड्यात ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जीवाणूंची मोठी वस्ती असते, आणि मेट्रोनिडाझोल नेमकं त्यांनाच मारतं. त्यात पेप्टॅसेटोबॅक्टर हिरानोनिस नावाचा एक आहे; आधी त्याला क्लॉस्ट्रिडियम हिरानोनिस म्हणायचे. यकृतातून आलेल्या पित्ताम्लांचं तो दुसऱ्या प्रकारच्या पित्ताम्लांत रूपांतर करतो, आणि ती पित्ताम्लं क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स, ई. कोलाय यांच्यासारख्यांना डोकं वर काढू देत नाहीत. हिरानोनिस गेला की पहारा उठला. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या प्रयोगशाळेनं २०१७ साली आतड्यातला बिघाड मोजायचा एक निर्देशांक मांडला, त्यात या एका जीवाणूला फार वजन आहे. फ्युसोबॅक्टेरियाचंही तसंच. माणसात त्यांचं नाव आजारांशी जोडलं जातं, पण धडधाकट कुत्र्याच्या पोटात ते भरपूर असतात. २०२० साली निरोगी कुत्र्यांना मेट्रोनिडाझोल देऊन बघितलं, तेव्हा गोळी बंद करून चार आठवडे झाले तरी हे फ्युसोबॅक्टेरिया पूर्ववत झालेले नव्हते. आजारी नव्हती ती कुत्री, हे लक्षात घ्या.

जुलीबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं. स्फोटकं हुंगणारी लॅब्राडोर, शांत डोळ्यांची, टेबलावर चढवली की स्वतःहून पाय द्यायची. माझ्याकडे आली तेव्हा तिच्या फाइलीत पानोपानी ते एकच औषध होतं, वेगवेगळ्या हस्ताक्षरांत. दर वेळी दोन दिवसांत संडास बांधून यायची आणि काही आठवड्यांत पुन्हा तेच.

अधिवेशनाच्या आदल्या संध्याकाळी तिचा हॅन्डलर आला. प्लास्टिकच्या डबीत नमुना होता: चकचकीत आव आणि तिच्यात एक लाल धागा.

"पतली करून राहिली, मॅडम. उद्या सहाला रिपोर्टिंग आहे. बांधून द्या नं फक्त."

मी ताप बघितला, नव्हता. हिरड्या गुलाबी, कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच जागेवर, पोट दाबलं तरी ती कुरकुरली नाही. मी म्हटलं, "भाऊ, हिला गोळी नको. इसबगोल चालू करू, एकाच प्रकारचं साधं उकडलेलं जेवण, आणि तीन दिवस आराम."

"आराम? अधिवेशनात?"

मी पत्र लिहून दिलं. आणि आणखी एक गोष्ट सांगितली, जी मी प्रत्येक हुंगणाऱ्या कुत्र्याच्या माणसाला सांगते. अमेरिकेत ऑबर्न विद्यापीठात स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्यांना हीच गोळी देऊन त्यांचं नाक तपासलं गेलं. २०१६ साली ते छापून आलं. निम्म्या कुत्र्यांची हुंगण्याची क्षमता घटली होती, आणि औषध थांबल्यावर ती परत आली. त्यानं मान हलवली, पण सहाला रिपोर्टिंग असलेला माणूस किती ऐकणार? पत्र वरच्यांनी बाजूला ठेवलं. गोळी त्याला दुसरीकडून मिळाली. जुली ड्युटीवर गेली आणि संडास दोन दिवसांत बांधून आली.

अधिवेशन चालू असतानाच तिची सरावाची चाचणी झाली. बॅगांची रांग, एकीत स्फोटकाचा नमुना. एरवी ती त्या बॅगेपाशी थबकून खाली बसायची. या वेळी पुढे निघून गेली. परत फिरवली, तरी तेच. रात्री त्याचा फोन आला. "बसली नाही ती, मॅडम," एवढं बोलून तो गप्प झाला. मला तेव्हा पोटात गोळा आला, कारण त्याच आठवड्यात तिनं हुंगून मोकळ्या केलेल्या खोल्यांमधून माणसं ये-जा करत होती.

गोळीमुळेच झालं, असं मी छातीठोक म्हणणार नाही. ती थकली होती, दिवसांचा हिशोब राहिला नव्हता, आवेनं अंगही उतरलं होतं. गोळी थांबल्यावर काही दिवसांत नाक ठिकाणावर आलं, पुढच्या चाचण्या ती पास झाली. पण पोट? इसबगोलानं फरक पडला. पोर्तुगालमध्येही पोलिसांच्या कुत्र्यांना मोठ्या आतड्याच्या जुनाट जुलाबावर त्याचा चांगला उपयोग झालाय. तरी मधूनमधून आव पडायचीच. पुढच्या वर्षी तिला वेळेआधी सेवेतून काढलं. हॅन्डलरचं आजही म्हणणं आहे की लागेल तेव्हा गोळी देत राहिलो असतो तर जुलीनं आपली वर्षं पूर्ण केली असती. माझं म्हणणं, तिचं पोट आधीच्या गोळ्यांनीच पोखरलं होतं. दोघांकडेही पुरावा नाही.

आणि खरी अडचण पुढेच आहे. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, प्रत्येक जुलाबावर हीच गोळी लिहिणारी तेव्हाची मी अजून माझ्या डोक्यात वाद घालते. ती म्हणते, गोळीनं जुलाब लवकर थांबतात, हे चाचणीत दिसलंय ना? दिसलंय. २०२० सालच्या एका चाचणीत गोळी घेतलेली कुत्री सरासरी २.१ दिवसांत सावरली, न घेतलेली ३.६ दिवसांत. मी तिला सांगते, म्हणजे बिनगोळीचीही सावरलीच की. आहार बदलूनही सावरतात. आणि युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही अशा साध्या जुलाबाला अँटिबायोटिक नको असंच म्हटलंय. त्यावर ती विचारते, घरच्या कुत्र्याला दीड दिवस काहीच नाही, पण अधिवेशनातल्या कुत्र्याला? इथे मी अडते. ड्युटी वाचवायची की पुढच्या वर्षाचं पोट, हे ठरवताना माझ्यासमोर एकच कुत्रं असतं, त्याच्या पथकाकडे दुसरं तयार असेलच असं नाही.

दह्याचंही विचारता. द्या थोडं, पचत असेल तर. पण त्यातले जीवाणू आतड्यात कायमचे वस्तीला राहत नाहीत, हिरानोनिसची जागा तर मुळीच घेत नाहीत.

तेव्हा यंदा डिसेंबरात येणाऱ्यांनी एवढं करा. रोजचं खाणं सोबत आणा, इथे आल्यावर बदलू नका. बदलायचंच असेल तर निघायच्या आठवडाभर आधीपासून थोडं थोडं बदला. आणि गेल्या सहा महिन्यांत कुठली गोळी, किती दिवस दिली ते कागदावर लिहून आणा, दुकानातून परस्पर घेतलेली धरून. तो कागद बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही, नाहीही म्हणणार नाही.