पुरावा नसणे आणि धोका नसणे

नळाखाली पेटती काडी धरताच पाणी भडकते, हे अमेरिकेतील दृश्य प्रथम पाहिले तेव्हा फ्रॅकिंगबद्दल, म्हणजे जमिनीखालचा खडक दाबाच्या द्रवाने फोडून वायू काढण्याच्या पद्धतीबद्दल, माझे मत तिथेच पक्के झाले होते. पुढे २०११ साली ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास वाचला. त्यात वायुविहिरींपासून एक किलोमीटरच्या आतील पिण्याच्या पाण्यात मिथेन हा ज्वलनशील वायू दूरच्या पाण्यापेक्षा सरासरी सतरा पट आढळला होता, पण फ्रॅकिंगच्या रसायनांचा माग लागला नव्हता. काही भागांत मिथेन पाण्यात मुळातच असतो आणि खोदकामापूर्वीचे नमुने नव्हते, हा आक्षेप मला रास्त वाटतो. २०१४ साली हेलियम, निऑन यांसारख्या वायूंच्या खुणांवरून गळतीचा उगम शोधला गेला, तेव्हा बोट खडक फोडण्याकडे नव्हे, तर वायुविहिरीचे सदोष सिमेंट आणि आवरण-नळ्या यांच्याकडे वळले.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१५ च्या मसुद्यात फ्रॅकिंगच्या पिण्याच्या पाण्यावरील व्यापक परिणामांचा पुरावा नसल्याचे म्हटले; वैज्ञानिक सल्लागारांनी त्या विधानाला आधार मागितल्यावर २०१६ च्या अंतिम अहवालातून ते वगळले गेले. मोजमापच तोकडे असताना 'पुरावा नाही' याचा अर्थ 'धोका नाही' असा लावणे मला घातक वाटते. म्हणूनच खोदकामाआधी आसपासच्या पिण्याच्या प्रत्येक विहिरीचे पाणी तपासून ते आकडे गावासमोर ठेवलेच पाहिजेत.