जामीन मंजूर झाला, पण माणूस आतच

लॉ कॉलेजात असताना फौजदारी वकिली म्हणजे उलटतपासणी, एवढंच डोक्यात होतं. सनद मिळाली, एका सिनियर मॅडमच्या हाताखाली लागले आणि बराच काळ साक्षीदाराशी बोलायची वेळच आली नाही. रिमांड, जामीन अर्ज, आणि बेंच क्लर्कच्या टेबलासमोर ताटकळणं. ज्युनिअरला बसवून कोणी शिकवत नाही. फाइल हातात देतात आणि 'जा' म्हणतात.

अशीच एक फाइल आली. बीडकडचा पोरगा, पश्चिम उपनगरातल्या सोसायटीत वॉचमन. घरातल्या चोरीचा गुन्हा, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०५, शिक्षा सात वर्षांपर्यंत. पीसीआर (पोलीस कोठडी) संपून एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाला, मॅजिस्ट्रेटनी जामीन नाकारला, म्हणून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८३ खाली दिंडोशीच्या सत्र न्यायालयात आलो. सरकारी वकिलांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, ठरलेला: आरोपी परजिल्ह्यातला, पळून जाईल. मॅडम पाच-सात मिनिटंच बोलल्या. माल जप्त झालाय, पंचनामा झालाय, आता याला आत ठेवून पोलीस काय करणार? पंचवीस हजारांच्या जातमुचलक्यावर (आरोपीने स्वतः लिहून द्यायच्या हमीवर) आणि तेवढ्याच रकमेच्या एका जामीनदारावर जामीन मंजूर.

आरोपीचा भाऊ माझ्या पायाच पडायला आला. "ताई, आज घरी नेऊ ना?"

खरं काम तिथून सुरू झालं. आदेश सत्र न्यायालयाचा, पण जामीनदार द्यायचा खाली मॅजिस्ट्रेट कोर्टात. म्हणजे आधी आदेशाची प्रत हवी. मग जामीनदार. तो मुंबईतलाच असला तर बरं, त्याच्याकडे शिधापत्रिका, आधार, घराचे कागद किंवा पगाराची स्लिप हवी. शिवाय आपण आजवर कितीजणांना जामीन राहिलोय हे त्याने लिहून द्यायचं, त्याच संहितेचं कलम ४८६. पाच हजारांत जामीनदार देतो म्हणणारी माणसं कोर्टाबाहेर भेटतातच. त्यांचे कागद बहुतेकदा एकाच साच्यातले असतात, आणि बोगस निघाले की आरोपी पुन्हा आत आणि वकिलाची अब्रू चव्हाट्यावर. मी भावाला सांगितलं, त्या लोकांशी बोलायचंसुद्धा नाही.

गावचा एक प्लंबर जोगेश्वरीत राहतो असं निघालं. खोली त्याच्या नावावर. पण बायको नको म्हणत होती, आणि मला तिचं अजिबात चुकलं असं वाटलं नाही. दुसऱ्याच्या पोरासाठी आपल्या खोलीचे कागद कोर्टात कोण देतं?

तो तयार होईपर्यंत काय करायचं? मॅडमनी मार्ग सांगितला: तात्पुरत्या रोख जामिनाचा अर्ज. पैसे भरून सुटायचं आणि जामीनदारासाठी मुदत मागायची. मुंबईत हे सर्रास चालतं. अर्जात ३१ जानेवारी २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेशही घातला. जामीन मिळूनही महिनाभरात जामीनदार देता आला नाही, तर अटी सैल करायच्या का हे कोर्टाने स्वतःहून पाहावं, असं त्यात आहे. आमचा महिना झाला नव्हता, पण रोख जामीन कशाला मागताय असा चेहरा समोर दिसला की कागद हाती असलेला बरा. चार आठवड्यांची मुदत मिळाली.

पंचवीस हजार आले कुठून? पोराच्या वडिलांनी ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतली. पुढच्या हंगामात राबून ती त्यांनी फेडायची.

पैसे भरले, पावती घेतली, सुटकेचा आदेश निघाला. मात्र आदेश काढण्याआधी एक गोष्ट विचारून ठेवायची असते: माणूस नेमका कुठे आहे? आर्थर रोड तुरुंगात गर्दी इतकी की काहींना तळोज्याच्या तुरुंगात हलवतात. आदेशावर चुकीचं कारागृह लिहिलं गेलं, तर दुरुस्तीसाठी परत त्याच टेबलापाशी. आणि सुटकेचे आदेश टाकायची आर्थर रोडच्या दारातली जामीन पेटी ठरलेल्या वेळीच उघडते. ती वेळ चुकली की आणखी एक रात्र आत. आमची चुकली नाही, कारण मॅडमनी दुपारचं जेवण सोडून मला शिरस्तेदारांच्या (कोर्टाच्या कार्यालयातल्या अधिकाऱ्यांच्या) टेबलासमोर उभं केलं होतं.

प्लंबर शेवटी जामीनदार राहिला, बायकोसमोर मी सगळं नीट सांगितल्यावर. रोख परत मिळाली, उचल काही परत देता आली नाही. दोषारोपपत्र दाखल झालंय, साक्षीपुरावा सुरू व्हायचाय. प्लंबरचा अधूनमधून फोन येतो: "मॅडम, माझे कागद कधी मोकळे होणार?" मी सांगते, खटला संपेपर्यंत तुम्ही बांधलेले. नकोच असेल तर कलम ४८९ खाली अर्ज करता येतो, पण मग त्या पोराला दुसरा जामीनदार द्यावा लागेल. त्यावर तो "बघू, राहू दे" म्हणतो आणि पुढची तारीख विचारतो.