जामखेडला दोन दिवस: आरोग्य कार्यकर्त्यांना भेटायला जाणार असाल तर

डिसेंबरात मी आणि माझी नणंद जामखेडला जाऊन आलो. ती करमाळ्याकडे आशा गटप्रवर्तक आहे, म्हणजे वीसेक आशांच्या (सरकारी योजनेतल्या गावच्या आरोग्य कार्यकर्त्या) रजिस्टरांखाली दबलेली बाई, आणि गेली पाच वर्षं मला म्हणत होती की वहिनी एकदा आरोळे डॉक्टर नवराबायकोचं गावातल्या आरोग्याचं काम बघायचंय, आमचं सगळं तिथूनच सुरू झालं म्हणतात. शेवटी योग आला. कुणी जाणार असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितेय, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी जायचं कसं ते. पुण्याहून वाकडेवाडीला बीडची एसटी धरायची, ती नगर, कडा, आष्टी करत जामखेडवरून जाते. गंमत म्हणजे जामखेड नगर जिल्ह्यातलं (आता अहिल्यानगर म्हणायचं) पण रस्ता मध्येच बीड जिल्ह्यात शिरतो आणि परत नगरमध्ये येतो, मोबाईलवरचं नेटवर्क पण तसंच येतं-जातं. नगर ते जामखेड पाऊणशे किलोमीटर धरा. आष्टीपर्यंत २०२२ पासून रेल्वे झालीय, पण आपल्याला एसटीच बरी. सकाळी सातच्या आत निघा. आम्ही माझ्यामुळे पहिली गाडी चुकवली आणि दुपारी टळटळीत उन्हात उतरलो, तोवर गावं बघायची वेळ टळून गेलेली. रिक्षावाल्याला आरोळे हॉस्पिटल म्हणालं की पुरे.

थोडी पार्श्वभूमी. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, दोघं वेल्लोरला शिकलेले, पुढे अमेरिकेतून पब्लिक हेल्थ शिकून आले आणि १९७० ला इथे आले. सुरुवात झाली ती जनावरांच्या जुन्या दवाखान्यात. तेव्हा या भागात हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत जायची. त्यात १९७२ चा दुष्काळ. डॉक्टरांना लवकरच कळलं की लोकांना आधी पाणी आणि अन्न पाहिजे, गोळ्या नंतर. मग गावाने निवडलेल्या बायकांनाच शिकवून त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या केलं. हातपंपांची गोष्ट तर तिथे सगळेच सांगतात, की बोअर मुद्दाम दलित वस्तीत घेतले, म्हणजे बाकी गावाला पाण्यासाठी तिथेच यावं लागलं. भाषण न देता शिवाशिवीवर एवढा नेमका घाव मी तरी दुसरीकडे ऐकलेला नाही. १९७९ ला दोघांना मॅगसेसे मिळालं. मेबलताई १९९९ ला गेल्या, डॉक्टर २०११ ला.

कॅम्पसवर हॉस्पिटल आहे, ट्रेनिंगची इमारत आहे, जयपूर फूट बनवायचं वर्कशॉप आहे (ते बघाच, अॅल्युमिनियमचा पत्रा ठोकून पाय घडवताना बघण्यात आमचा अर्धा तास कसा गेला कळलं नाही). पण तेवढंच बघून परत आलात तर अर्धवट बघितलं असं समजा. खरं बघायचं ते गावात. आणि त्यासाठी आधी कळवून जावं लागतं, ऐनवेळी गेटवर उभं राहून चालत नाही. राहायचं असेल तरी तेच. आम्ही तीन आठवडे आधी कळवलं होतं, कोण आहोत आणि काय बघायचंय ते दोन ओळीत लिहून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला एका गावात नेलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच लोक थेट जाऊन धडकतील. तिथली कार्यकर्ती साठीच्या पुढची, शाळेत कधीच न गेलेली, सही करायला इथे ट्रेनिंगला आल्यावर शिकली. तिच्या ओट्यावर बसलो. मी शहाणपणा करून मुलांसाठी क्रीमच्या बिस्किटांचे बारा पुडे नेले होते. ते पिशवीतून काढते तोच मावशी म्हणाल्या, "ते ठिवा पिशवीत ताई. मी वर्सभर आयांना सांगायचं बिस्कीट नगं, शेंगदाणा-गूळ द्या, अन् तुमी पुण्याहून येऊन वाटणार व्हय?" नणंद हसून हसून लाल. मी पुडे परत कोंबले. तर तुम्ही खाऊ नेऊ नका, फारच वाटलं तर हातात काय आणू हे आधी विचारा.

तेवढ्यात एक सून चार महिन्यांचं बाळ घेऊन आली, रात्रीपासून पातळ शी होतेय म्हणून. मावशींनी आधी बाळाच्या टाळूवर दोन बोटं फिरवली, टाळू खोल गेलीय का बघायला, मग पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, मग तोंडात ओल आहे का बघितलं. सगळं मिळून मिनिटभर. मग सासूला हाक मारली, सुनेला नाही. सासूला सांगितलं की अंगावरचं दूध बंद करायचं नाही, उलट जास्त वेळा पाजायचं, आणि टाळू खोल वाटली, पोर मलूल झालं की ताबडतोब दवाखाना. मोठ्या नातवाला झालं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ, हे मावशींनी सासूकडून दोनदा म्हणवून घेतलं. मी नंतर विचारलं सासूला का, तर म्हणाल्या, "घरात चालतं कुणाचं? सून काय पाजती ते सासूच ठरिवती की."

ट्रेनिंगच्या आठवणी पण त्यांनीच सांगितल्या. वेगवेगळ्या जातीच्या बायका जामखेडला मुक्कामाला यायच्या, सुरुवातीला जेवायला पण लांब लांब बसायच्या. मग थंडीत सगळ्यांच्या गोधड्या एकत्र शिवून एक मोठी केली आणि सगळ्या एकीखाली झोपल्या. "थंडी काय जात इचारती का," असं म्हणून त्या चहा टाकायला उठल्या.

आता वादाचा मुद्दा. चहा घेता घेता नणंदेने विचारलं, मानधन किती? मावशी म्हणाल्या, कामाचं न्हाई, शेळ्या घ्यायला कर्ज दिलं होतं प्रकल्पानं, बांगड्यांचा धंदा पण केला, त्यावर घर चाललं. नणंद गप्प बसली पण रिक्षात बसल्या बसल्या तिचा पट्टा सुरू झाला, की वहिनी हेच ऐकून ऐकून आमच्या पोरींना सांगतात सेवा करा सेवा करा, २००५ ला आशा आल्या तेव्हापासून आम्ही मोर्चे काढतोय, बाईचं काम म्हणलं की फुकटच का? मला तिचं पटलं. पण हेही दिसलं की मावशींच्या ओट्यावर एकही रजिस्टर नव्हतं, फोटो अपलोड करायचा नव्हता, आणि गावाने निवडलेली बाई म्हणून सासू मुकाट ऐकत होती. आशाताईंना तेवढा वेळ मिळत नाही, सगळा जातो फॉर्म भरण्यात. पैसे पण द्यावेत आणि कागद पण कमी करावेत असं आम्ही जेवताना ठरवलं, आमच्या ठरवण्याने काय होतंय म्हणा.

अजून एक, आता तिथेही बीपी आणि शुगर हेच जास्त. मावशींनी शेजारच्या आजोबांचं बीपी घेतलं तेव्हा आधी पाच मिनिटं गप्प बसवलं, बोलू दिलं नाही. आमच्या सोसायटीतल्या कॅम्पमध्ये जिना चढून आलेल्याला लगेच पट्टा बांधतात!

काही फुटकळ सूचना. फोटो विचारून काढा, बाळांचे तर नकोच. सुगीत किंवा खुरपणीच्या दिवसात बायका शेतात असतात, भेट सकाळी लवकर किंवा दिवे लागल्यावर मागा. एप्रिल-मे टाळा, ऊन सोसणार नाही. कॅश जवळ ठेवा. जेवणात ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, आणि तो ठेचा पुण्याचा समजून घेऊ नका, मी घेतला.

एखादा दिवस हाताशी असेल तर पंधराएक किलोमीटरवर सौताड्याचा रामेश्वर धबधबा आहे, पण तो पावसाळ्यातच, आम्हाला नुसता कडा दिसला. १७९५ च्या लढाईचं खर्डा आणि अहिल्यादेवींचं जन्मगाव चौंडी याच तालुक्यात. चौंडीला ३१ मे च्या आसपास जयंतीची तुफान गर्दी असते, तेव्हा शांतपणे बघायचं विसरा.

परतीच्या गाडीत आष्टी सोडल्यावर भूक लागली. बारा पुडे होतेच. नगर येईपर्यंत दोन संपले, नणंदेने एकही घेतलं नाही.